मॅझिनीचा वनवास

इटलीचा नकाशा पाहा. भूमध्य समुद्रात उतरलेला तो देश घोडेस्वाराच्या उंच बुटासारखा दिसतो. आज त्या साऱ्या भूमीवर एकच निशाण फडकते. परंतु १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाल्यावर युरोपातील राजांनी व्हिएन्ना येथे जमून इटलीची जी वाटणी केली, तिच्यात या देशाचे सात-आठ तुकडे पडले. लोंबार्डी आणि व्हेनिस हे समृद्ध प्रांत ऑस्ट्रियाच्या बादशहाने घेतले. मध्यभागी पोपचे राज्य होते. दक्षिणेस नेपल्सचा राजा आणि वायव्येस पीडमाँटचा राजा नांदत होता, आणि यांच्या मधल्या जागेत लहान लहान संस्थानिक बसले होते. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे तर वाटेत जकातनाके लागत आणि परवाने दाखवावे लागत. या राजांचे आपसांत फारसे सख्य नव्हते, पण एका गोष्टीविषयी त्यांचे एकमत होते. प्रजेने राज्यकारभारासंबंधी बोलू नये, लिहू नये आणि शक्य तर विचारही करू नये, असे त्यांना वाटे. पुस्तके छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाच्या हाताखालून जात. कॉफीगृहांतून आणि विद्यालयांतून हेर हिंडत असत.

अशा काळी जेनोआ या बंदरी शहरात जोसेफ मॅझिनी लहानाचा मोठा झाला. त्याचा जन्म २२ जून १८०५ रोजी झाला. वडील वैद्यकविद्येचे प्राध्यापक होते. आई मारिया करारी स्वभावाची आणि देशाभिमानी होती. शेकडो वर्षे स्वतंत्र लोकसत्ताक असलेले जेनोआ व्हिएन्नाच्या वाटणीत पीडमाँटच्या राजाला देऊन टाकण्यात आले होते, आणि ही गोष्ट तेथील लोकांच्या मनातून गेली नव्हती.

१८२१ च्या एप्रिल महिन्यातली हकीकत आहे. पीडमाँटमध्ये राज्यघटनेसाठी झालेला उठाव नुकताच मोडून पडला होता. पराभूत झालेले लोक जीव वाचविण्यासाठी जेनोआ बंदरात गोळा झाले होते व मिळेल त्या जहाजाने स्पेनकडे निघाले होते. मॅझिनी आपल्या आईबरोबर रस्त्याने चालला असता एक उंच, दाढीवाला, तेजस्वी डोळ्यांचा पुरुष पुढे आला आणि त्याने हातातला पांढरा रुमाल पसरून इटलीच्या निर्वासितांसाठी मदत मागितली. आईने रुमालात नाणी टाकली. तो पुरुष पुढे गेला. मॅझिनी त्या वेळी पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. त्या रात्री त्याला झोप आली नाही. ही माणसे का हरली, आणि पुन्हा लढता येईल की नाही, हे प्रश्न त्याला सोडीनात. पुढे त्याने काळेच कपडे वापरण्यास आरंभ केला. आपला देश परतंत्र आहे, तेव्हा आपण सुतकात आहोत, असे तो मानी. हा वेश त्याने जन्मभर टाकला नाही.

वडिलांची इच्छा मुलाने वैद्य व्हावे अशी होती, पण शस्त्रक्रिया पाहूनच त्याला घेरी आली. मग तो कायदा शिकला आणि १८२७ मध्ये वकील झाला. साहित्याचा त्याला विलक्षण नाद होता. लेखक म्हणून नाव मिळवावे ही त्याची मनीषा होती, आणि ते त्याला खचित मिळाले असते. परंतु त्याने ती मनीषा बाजूला ठेवली व कार्बोनारी नावाच्या गुप्त मंडळात प्रवेश केला. त्या मंडळात सरकारचा एक हेर शिरलेला होता. त्याच्या चहाडीवरून नोव्हेंबर १८३० मध्ये मॅझिनीला पकडण्यात आले.

अटकेचे कारण विचारण्यासाठी वडील जेनोआच्या गव्हर्नराकडे गेले. त्यांना मिळालेले उत्तर मोठे चमत्कारिक होते. आपला मुलगा बुद्धिमान आहे, तो रात्री एकटाच फिरतो आणि कसला विचार करतो ते कोणाला सांगत नाही. ज्या बुद्धिमान तरुणांच्या मनातले सरकारला कळत नाही, असे तरुण सरकारला आवडत नाहीत, असे गव्हर्नराने त्यांना सांगितले. मुलांनो, या उत्तरावरून त्या राज्याची परीक्षा होते. जे सरकार एका पंचवीस वर्षांच्या मुलाच्या मौनाला भिते, ते वरून कितीही बळकट दिसले तरी आतून किती धास्तावलेले असेल!

मॅझिनीला सव्होना येथील किल्ल्यात ठेवण्यात आले. त्याची कोठडी उंचावर होती. गजांतून समुद्र आणि आकाश याखेरीज काही दिसत नसे. एक लहानसा पक्षी हा त्याचा सोबती, आणि वाचायला बायबल व दोन-तीन ग्रंथ. दर दहा दिवसांनी त्याला आईला पत्र लिहिण्याची आणि आईचे पत्र घेण्याची परवानगी होती. अर्थात ही सर्व पत्रे अधिकारी आधी वाचून पाहत. तथापि आई व मित्र यांनी एक युक्ती योजली होती. पत्रातील एक शब्द सोडून एक शब्द घ्यावयाचा आणि त्यांची पहिली अक्षरे जुळवावयाची, म्हणजे लॅटिन भाषेतील निरोप तयार होई. बाहेरून पाहावे तर प्रेमळ आईने मुलाची विचारपूस केलेली दिसे. याच वाटेने, पोलंडचे लोक रशियाच्या झारविरुद्ध उठले आहेत, ही बातमी कोठडीत पोचली. पत्राचे सामर्थ्य मॅझिनीला येथे प्रथम कळले. पुढे बेचाळीस वर्षे पत्र हेच त्याचे शस्त्र राहिले.

चौकशीत त्याच्यावरील आरोप शाबीत होईना. तेव्हा सरकारने त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवले. एकतर जेनोआ, ट्यूरिन ही मोठी शहरे व समुद्रकिनारा सोडून आतल्या एखाद्या लहान गावी पोलिसांच्या नजरेखाली राहावे, किंवा देश सोडून जावे. त्याने देशत्याग पत्करला. १८३१ च्या आरंभी, सव्विसाव्या वर्षी, तो सरहद्द ओलांडून गेला. हा वियोग थोड्या महिन्यांचा आहे, असे त्याला त्या वेळी वाटले असावे.

फ्रान्समधील मार्सेय बंदरात इटलीतून परागंदा झालेले पुष्कळ लोक राहत होते. तेथे १८३१ मध्ये त्याने ‘तरुण इटली’ ही संस्था स्थापिली. चाळिशी उलटलेल्यांना तिच्यात सहसा घेत नसत. देश एक व्हावा, स्वतंत्र व्हावा आणि त्यावर राजाचे नव्हे तर लोकांचे राज्य असावे, हे तिचे ध्येय होते. संस्थेचे नियतकालिक मार्सेयला छापले जाई. पण ते इटलीत न्यावे कसे? खलाशी मदतीला आले. डांबराच्या आणि सच्छिद्र दगडांच्या पिंपांत अंकांची पुडकी दडवून ते बंदराबंदरांत उतरवीत. ज्याच्याजवळ असा अंक सापडे त्याला तुरुंगाची वाट धरावी लागे. तरीही अंक हातोहात फिरत. पीडमाँटच्या सरकारने फ्रान्सकडे तक्रार केली आणि फ्रान्सने मॅझिनीला देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या एका मित्राने पोलिसांच्या पहाऱ्यात जिनीव्हाची वाट धरली, आणि मॅझिनी मात्र शिपायाचा पोशाख करून त्याच पोलिसांच्या देखत घराबाहेर पडला व मार्सेयमध्येच लपून राहिला! हा प्रसंग वाचताना आपल्याला हसू येते. परंतु यानंतर जे घडले ते हसण्यासारखे नाही.

१८३३ मध्ये पीडमाँटच्या सैन्यातील दोघा शिपायांचे भांडण झाले. त्या भांडणातून संस्थेचा सुगावा लागला आणि सरकारने एकच धरपकड आरंभिली. कोणाला आईबापांचे भय घालून, कोणाला मित्रांनी फितुरी केल्याची खोटी कागदपत्रे दाखवून बोलते करण्यात येऊ लागले. बारा जणांना गोळ्या घातल्या. मॅझिनीचा बाळपणापासूनचा जिवलग मित्र याकोपो रुफिनी जेनोआच्या तुरुंगात होता. छळ असह्य होऊन मित्रांची नावे आपल्या तोंडून निघतील, या भीतीने त्याने कोठडीतच मरण पत्करले. मॅझिनीला त्याच्या गैरहजेरीत देहान्त शासन फर्मावण्यात आले. पुढच्या वर्षी हीच शिक्षा गॅरिबाल्डी नावाच्या एका तरुण खलाशालाही झाली. तोच पुढे इटलीचा महान सेनापती झाला.

देहान्ताच्या शिक्षेने मॅझिनीचे मन डळमळले नाही, पण याकोपोच्या मरणाने ते हादरले. तो आता स्वित्झर्लंडमध्ये होता. तेथेही शेजारच्या राजांनी त्याला सुखाने राहू दिले नाही. त्याला हाकलून द्यावे म्हणून त्या लहानशा देशावर ते सारखा दाब आणीत होते. एका गावातून दुसऱ्या गावात, एका अंधाऱ्या खोलीतून दुसऱ्या खोलीत तो लपत होता. १८३६ च्या अखेरीस त्याच्या मनात एक भयंकर शंका उभी राहिली. आपण परदेशात जिवंत आहोत आणि आपल्या शब्दांवर विश्वास ठेवणारी मुले तेथे मरत आहेत. त्यांच्या आयांना आपण काय उत्तर देणार? आपले ध्येय हा नुसता आपला अहंकार तर नसेल? कित्येक आठवडे तो या विचाराने वेड्यासारखा झाला होता. अखेर, कर्तव्य हे सुखदुःखाकडे पाहून सोडता येत नाही, असा निर्णय त्याने स्वतःशी केला आणि तो सावरला. तथापि हा प्रश्न अगदीच निकालात निघाला, असे म्हणता येणार नाही. त्याच्या पुढच्या आयुष्यातही फसलेले उठाव पुष्कळ झाले. मिलानमध्ये १८५३ साली असाच एक उठाव झाला व चिरडला गेला. पुरेशी तयारी नसता त्याने तरुणांना आगीत लोटले, असा ठपका त्याच्यावर त्या काळी ठेवला गेला व आजही ठेवला जातो. तो सर्वस्वी अन्यायाचा नाही, असे माझे मत आहे. मात्र त्या तरुणांपुढे उघडपणे बोलण्याचा एकही मार्ग कोणत्या राजाने मोकळा ठेवला होता, हेही ठपका ठेवणाऱ्यांनी सांगावयास हवे.

जानेवारी १८३७ मध्ये मॅझिनी लंडनला पोचला. इंग्लंडमध्ये परक्या देशाच्या राज्यविरोधकांना आसरा मिळे. आसरा मिळाला, पण अन्न कोण देणार? धुक्याने भरलेले ते अफाट शहर, अपरिचित भाषा आणि खिसा रिकामा. त्याने आईची आठवण म्हणून जपलेली वस्तू गहाण टाकली, मग पुस्तके टाकली. एका शनिवारी तर रविवारच्या जेवणासाठी जुना कोट आणि बूट घेऊन तो सावकाराच्या दुकानात उभा राहिला. इंग्रजी मासिकांत लेख लिहून तो कसाबसा उदरनिर्वाह करू लागला.

लंडनच्या रस्त्यांवर हातपेटी वाजवून किंवा प्लॅस्टरच्या मूर्ती विकून पैसे मागणारी इटालियन मुले त्याला दिसत. गरीब आईबापांना लालूच दाखवून दलालांनी ती आणलेली असत. दिवसभराची कमाई दलालाच्या हाती द्यायची, ती कमी भरली तर मार खायचा, असे त्यांचे जिणे होते. १८४१ च्या नोव्हेंबरात मॅझिनीने या मुलांसाठी हॅटन गार्डन भागात रात्रीची मोफत शाळा उघडली. जो स्वतः एका वेळच्या अन्नाला महाग होता, त्याने ही शाळा काढली! लेखन, वाचन, गणित, भूगोल हे विषय तेथे शिकवीत, आणि रविवारी इटलीचा इतिहास सांगत. ज्या मुलांना आपण अमुक गावचे एवढेच ठाऊक होते, त्यांना आपण एका देशाचे आहोत हे येथे कळले. शाळा सुमारे सात वर्षे चालली. मॅझिनीच्या सर्व कार्यांत मला हे कार्य फार मोलाचे वाटते.

आता टपालाचे प्रकरण सांगतो. १८४४ च्या वसंतात आपल्या पत्रांविषयी मॅझिनीला संशय येऊ लागला. ती उशिरा पोचत. शिक्क्यावर दुसरा शिक्का उमटलेला असे, जणू आधीची वेळ झाकण्यासाठीच. तेव्हा त्याने व त्याच्या मित्रांनी परीक्षा घेण्याचे ठरविले. त्यांनी मॅझिनीच्या नावाने पत्रे टाकली आणि त्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस असे काहीबाही घालून ती बंद केली. पत्रे हाती आली तेव्हा मोहोर जशीच्या तशी होती, पण आतले दाणे नाहीसे झाले होते! कोणीतरी पत्रे उघडून वाचीत होते आणि कौशल्याने पुन्हा बंद करीत होते.

हे कृत्य कोणा चोराचे नव्हते. ऑस्ट्रियाच्या वकिलातीने विनंती केली होती, आणि इंग्लंडचे गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या हुकुमाने टपालखाते १ मार्चपासून ही पत्रे फोडीत होते. त्यांतील माहितीचा सारांश ऑस्ट्रियाच्या सरकारला कळविला जात होता. जूनमध्ये थॉमस डंकोम्ब या सभासदाने मॅझिनीचा अर्ज पार्लमेंटात मांडला आणि सर्व इंग्लंडमध्ये गहजब उडाला. आपल्या देशात आश्रयास आलेल्या माणसाचा विश्वासघात आपल्याच सरकारने केला, याची लोकांना लाज वाटली. प्रसिद्ध लेखक कार्लाइल याने मॅझिनीच्या सचोटीची ग्वाही देणारे पत्र वर्तमानपत्रात प्रसिद्ध केले. मॅझिनीची राजकीय मते त्याला मान्य नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मौज म्हणजे लोक पत्रांच्या पाकिटांवर गृहमंत्र्यांना उद्देशून टोमणे लिहू लागले. चौकशी समित्या बसल्या. परदेशांची पत्रे गुपचूप वाचणारी टपालखात्याची शाखा त्याच वर्षी बंद करण्यात आली.

परंतु हा गोंधळ चालू असतानाच दक्षिण इटलीत एक शोकांतिका घडली. आत्तिलिओ आणि एमिलिओ बंदिएरा हे दोघे भाऊ ऑस्ट्रियाच्या आरमारात अधिकारी होते. त्यांचे वडील तर त्या आरमाराचे सेनानी. या भावांनी नोकरी सोडून देशाचा पक्ष घेतला आणि मॅझिनीशी पत्रव्यवहार केला. घाई करू नका, असे त्याने त्यांना कळविले होते. तरीही सुमारे वीस सोबती घेऊन ते कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर उतरले. सोबत्यांपैकी एक फितूर झाला. २५ जुलै १८४४ रोजी कोसेन्झा गावाजवळ दोघा भावांना आणि त्यांच्या सात साथीदारांना गोळ्या घालण्यात आल्या. मरणाला सामोरे जाताना ते गात होते. उघडलेल्या पत्रांमुळेच हे घडले काय, याविषयी पार्लमेंटात व बाहेर पुष्कळ वाद झाला. गृहमंत्र्यांनी तो आरोप नाकारला. लोकांच्या मनातून मात्र तो गेला नाही.

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. मिलानच्या लोकांनी पाच दिवस झुंजून ऑस्ट्रियाचे सैन्य शहराबाहेर घालविले. सतरा वर्षांनी मॅझिनीने मायदेशी पाऊल टाकले. आई त्याला भेटण्यासाठी मिलानला आली. जाताना तरणाबांड असलेला मुलगा तिने आता पाहिला तो पिकू लागलेल्या दाढीचा. पुढच्या वर्षी पोप रोम सोडून गेला होता आणि तेथे लोकसत्ताक राज्य स्थापन झाले होते. त्याचा कारभार तिघांवर सोपविण्यात आला व त्यांत मॅझिनी प्रमुख होता. राजवाड्यातील एका लहानशा खोलीत तो राहू लागला. दारावर पहारा नसे. कोणीही यावे आणि आपले गाऱ्हाणे सांगावे. जेवण स्वस्त खाणावळीत. ज्याला एका राजाने देहान्त शासन दिले होते, त्याच्या राज्याने आपल्या घटनेत राजकीय गुन्ह्यांसाठी देहान्ताची शिक्षा ठेवली नाही. गॅरिबाल्डीने शहराचे शौर्याने रक्षण केले, पण फ्रान्सच्या फौजेपुढे जुलै १८४९ मध्ये रोम पडले. मॅझिनी पुन्हा वनवासी झाला.

तीन वर्षांनी, १८५२ च्या ऑगस्टमध्ये, जेनोआत त्याची आई वारली. वडील आधीच गेले होते. दोघांच्याही अंत्यसमयी त्याला जाता आले नाही. आईची इतकी वर्षांची पत्रे तेवढी त्याच्यापाशी उरली.

इटली अखेर १८६१ मध्ये एक झाला, पण तो पीडमाँटच्या राजाच्या छत्राखाली. मुख्यमंत्री काव्हूरचे मुत्सद्दीपण आणि गॅरिबाल्डीची तलवार यांचे ते यश होते. मॅझिनीने चेतविलेल्या पिढीवाचून मात्र ते मिळाले नसते. नव्या राज्यानेही त्याच्यावरील शिक्षा लगेच उठविली नाही. १८६६ मध्ये मेसिना शहराच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटासाठी निवडले. हा शिक्षा झालेला माणूस आहे, असे म्हणून पार्लमेंटाने ती निवड रद्द केली. मतदारांनी त्याला पुन्हा निवडले! शेवटी निवड मान्य झाली तेव्हा मॅझिनीनेच ती जागा नाकारली, कारण राजनिष्ठेची शपथ घेणे त्याला शक्य नव्हते. १८७० मध्ये त्याला सिसिलीत पकडून गाएताच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. म्हणजे ज्या देशाच्या ऐक्यासाठी त्याने घरदार सोडले, त्याच एक झालेल्या देशाच्या तुरुंगात तो पासष्टाव्या वर्षी बसला होता. रोम इटलीत सामील झाल्यावर त्याची सुटका झाली. त्याच्या मनातले लोकसत्ताक राज्य यावयास १९४६ साल उजाडले. त्या वर्षीच्या जून महिन्यात इटलीच्या जनतेने मतदान करून राजपद रद्द केले.

१८७२ च्या आरंभी पिसा शहरातील एका स्नेह्याच्या घरी ब्राऊन या नावाचा एक वृद्ध, आजारी पाहुणा येऊन राहिला होता. १० मार्च रोजी त्याचा अंत झाला, तेव्हा तो मॅझिनी होता हे गावाला कळले. स्वदेशातही त्याला मरेपर्यंत खोटे नाव धारण करावे लागले. त्याचा देह आगगाडीने जेनोआला नेण्यात आला. त्याला निरोप देण्यासाठी लोकांची अलोट गर्दी लोटली होती. तेथील स्मशानभूमीत, आईच्या थडग्याजवळ, त्याला विश्रांती मिळाली.

त्याच्या लेखांचे व पत्रांचे इटलीत शंभराच्या आसपास खंड प्रसिद्ध झाले आहेत. ज्या लंडनमध्ये त्याने यांतील असंख्य पत्रे लिहिली, तेथेच १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर हे कायद्याच्या अभ्यासासाठी राहावयास गेले. त्यांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे व राजकीय लेखांचे मराठीत भाषांतर केले. त्यांचे वडील बंधू बाबाराव यांनी ते १९०७ मध्ये महाराष्ट्रात प्रसिद्ध केले. हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने लौकरच ते पुस्तक जप्त केले. मॅझिनीला मरून त्या वेळी पस्तीस वर्षे होऊन गेली होती.